‘अनादि’, ‘नित्य’ आणि ‘सार्वकालिक’ : ख्रिस्ती ईश्वराच्या शाश्वततेचा एक शब्देतिहास

भारतीय दर्शनांच्या परिभाषेत ‘अनादि’ हा शब्द दुर्मीळ नाही. न्याय-वैशेषिकांचे परमाणू अनादि, सांख्यांची प्रकृती अनादि, जीव अनादि, कर्मप्रवाह अनादि आणि अद्वैत्यांची अविद्याही अनादिच. ज्या परंपरेत अविद्येलाही अनादित्व लाभते, तिच्या भाषेत ‘ईश्वर अनादि आहे’ असे म्हटल्याने ईश्वराचे वेगळेपण सिद्ध होत नाही. ख्रिस्ती धर्मविचार मराठीत आला तेव्हा ही अडचण त्याच्यापुढे उभी होतीच. परंतु ती केवळ भाषांतराची अडचण नव्हती. ख्रिस्ती ईश्वराची शाश्वतता तिच्या मूळ भाषांतही एकार्थी नव्हती, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावयास हवी.

हिब्रू बायबलमधील ‘ओलाम’ हा शब्द मुळात दूरच्या, दृष्टिपलीकडच्या काळाचा वाचक आहे. तो मागे जातो आणि पुढेही जातो, पण काळाच्या बाहेर जात नाही. त्या ग्रंथातील ईश्वर बोलतो, करार करतो, कोपतो, कळवळतो. त्याचे सनातनत्व म्हणजे पिढ्या येतात आणि जातात तरी तो आपल्या वचनाशी टिकून राहतो हे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून या ग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले आणि ‘ओलाम’च्या जागी ‘आयॉन’ हा शब्द आला. प्लेटोच्या ‘तिमायस’ या संवादाने त्या शब्दाला वेगळीच उंची दिलेली होती. तेथे ‘आयॉन’ म्हणजे अचल शाश्वतता, आणि काळ ही तिची चालती प्रतिमा. टिकून राहणाऱ्याचा शब्द आणि न हलणाऱ्याचा शब्द असे एकाच रूपात एकत्र आले. पुढील दीड हजार वर्षांच्या वादांचे एक मूळ या योगायोगात आहे.

हा प्रश्न ऐरणीवर आला तो चौथ्या शतकात, अलेक्झांड्रियाचा धर्मोपदेशक आरियस याच्या मतामुळे. पुत्र हा पित्यापासून झाला, तेव्हा तो एकदा नव्हता, असे आरियसपंथीयांचे प्रतिपादन होते. मात्र हे सांगताना ‘काळ’ हा शब्द ते कटाक्षाने टाळीत. पुत्राची उत्पत्ती काळाच्याही आधीची आहे हे त्यांना मान्य होते. म्हणून ‘जेव्हा’ आहे पण काळ नाही, अशी विलक्षण वाक्यरचना त्यांनी सिद्ध केली. अथनेशियसने नेमके यावरच बोट ठेवले : पुत्र नव्हता तेव्हा जे ‘होते’, ते काय होते? एखाद्या वादाचे मर्म वगळलेल्या शब्दात असावे याचे हे ठळक उदाहरण आहे. 325 मध्ये नायसियाच्या परिषदेने आरियसचे सूत्र धिक्कारले आणि 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलशी निगडित मतांगीकाराने पुत्राचा जन्म सर्व युगांपूर्वीचा ठरविला. याचा अर्थ असा की जन्म आहे, पण आरंभ नाही. ओरिजेनने तिसऱ्या शतकातच मांडलेली ही ‘शाश्वत जन्मा’ची कल्पना आता श्रद्धेचा भाग झाली, आणि ईश्वराची शाश्वतता केवळ लांबलचक काळ मानून चालणार नाही हेही तिच्याबरोबर ओघाने आले.

लॅटिन परंपरेने हा धागा पुढे नेला. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याने सुमारे 397 ते 400 या काळात लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या पुस्तकात एक जुना प्रश्न घेतला आहे : सृष्टीपूर्वी ईश्वर काय करीत होता? असले प्रश्न विचारणाऱ्यांसाठी तो नरक तयार करीत होता, हे कोणीतरी दिलेले विनोदी उत्तर ऑगस्टिन नोंदवतो आणि नाकारतो. प्रश्नाची थट्टा करणे म्हणजे प्रश्न सोडविणे नव्हे, ही त्याची भूमिका. त्याचे स्वतःचे उत्तर असे की काळ हाच निर्मित आहे. म्हणून निर्मितीपूर्वी ‘तेव्हा’ नव्हतेच.

सुमारे 524 मध्ये, थिओडोरिक राजाच्या कैदेत मृत्यूची वाट पाहणाऱ्या बोएथियसने या विचाराला व्याख्येचे रूप दिले. त्याच्या मते शाश्वतता म्हणजे अमर्याद जीवनाचे संपूर्ण, एकसमयावच्छेदे असलेले आणि परिपूर्ण स्वामित्व. या व्याख्येतील ‘जीवन’ हा शब्द अभ्यासकांकडून अनेकदा दुर्लक्षिला जातो. तो काढला की उरते ते दगडाचे अचलत्व. बोएथियसने जगाच्या संभाव्य अंतहीनतेसाठी निराळा शब्द राखून ठेवला : जग अखंड असू शकेल, शाश्वत फक्त ईश्वर. हा भेद त्याने करमणुकीसाठी केलेला नव्हता. ईश्वराला सारे आधीच ठाऊक असेल तर माणसाचे स्वातंत्र्य कोठे राहते, हा त्याचा प्रश्न होता आणि ईश्वराला ‘आधी’ नाहीच, हे त्याचे उत्तर होते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने वर्तुळाचे केंद्र परिघावरील प्रत्येक बिंदूसमोर सारखेच असते, असा दृष्टान्त देऊन हाच विचार दृढ केला.

तुलनेच्या दृष्टीने येथे शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यांनी ‘परिणामिनित्य’ आणि ‘कूटस्थनित्य’ असा भेद केला आहे : बदलत राहूनही टिकते ते एक आणि मुळातच न बदलणारे ते दुसरे. बोएथियसच्या भेदाला संस्कृतात तयार प्रतिशब्द होता असे म्हणण्याचा मोह होतो. पण कूटस्थ ब्रह्म निर्मिती करीत नाही आणि प्रार्थना ऐकत नाही. बोएथियसचा ‘जीवन’ हा शब्द त्यात बसत नाही. भाषांतरकारांनी तो मार्ग टाळला, यात त्यांचे अज्ञानच होते असे मानण्याचे कारण नाही.

1579 मध्ये गोव्यात आलेल्या इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’त (1616, रायतूर) ईश्वराचा आदि-अंत सापडत नाही, ही स्तवनाची भाषा मराठी भक्तिपरंपरेशी सहज जुळते. स्टीफन्सचे खरे धाडस शब्दात नसून प्रकारात आहे. सर्ग आणि प्रतिसर्ग, म्हणजे सृष्टी आणि पुनःसृष्टी, हे ज्या वाङ्मयप्रकाराचे लक्षण, त्याच प्रकारात त्याने एकदाच घडलेल्या निर्मितीची कथा सांगितली. चक्राकार काळाच्या पात्रात सरळ रेषेचा काळ ओतला गेला.

‘अनादि’ शब्दाचा प्रश्न उघडपणे मांडला तो मात्र काशीच्या एका मराठी पंडिताने. नीलकंठशास्त्री गोरे (1825–1895) यांनी ऐन तारुण्यात जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाला ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून संस्कृतातच उत्तर दिले. जगातील दुःखाची विषमता अनादि कर्मानेच समजावता येते, ते नाकारले तर ईश्वर अन्यायी ठरतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1848 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1860 च्या ‘षड्दर्शनदर्पण’ या हिंदी ग्रंथात त्यांनी नेमके हेच अनादित्व तपासावयास घेतले : जीव आणि परमाणू ईश्वराइतकेच अनादि असतील तर त्यांच्यावर ईश्वराची सत्ता कोणत्या आधारावर? जे त्याने निर्माण केले नाही त्याचा तो स्वामी कसा? गोऱ्यांच्या लेखी शाश्वतता हा कालमापनाचा प्रश्न उरला नाही, तो स्वामित्वाचा झाला. बोएथियसच्या व्याख्येतही मध्यवर्ती शब्द स्वामित्वाचाच आहे, मात्र तेथे ते स्वतःच्या जीवनावरील आहे. गोरे सृष्टीवरील स्वामित्वाविषयी बोलतात. आपल्याच पूर्वीच्या युक्तिवादाला त्यांनी दिलेले हे उत्तर पुरे पडते काय? अनादि कर्म गेले की अर्भकाच्या दुःखाचा प्रश्न उरतोच, आणि तरुण गोऱ्यांनी तो अधिक धारदारपणे विचारला होता असे म्हणावे लागते.

युरोपात हा वाद विसाव्या शतकात पुन्हा पेटला. ऑस्कर कुलमान यांनी 1946 मध्ये बायबलमधील शाश्वतता म्हणजे अंतहीन काळच, कालातीतता ही ग्रीकांची भर, असे प्रतिपादन केले. जेम्स बार यांनी 1962 मध्ये त्यांच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला : शब्दकोशातील अर्थांवरून ईश्वरशास्त्र उभारता येत नाही, अर्थ वाक्यात ठरतो. प्रस्तुत विषयालाही हा इशारा लागू पडतो.

तरीही प्रचलित मराठी बायबलमधील एक शब्दनिवड नजरेतून सुटू नये. ग्रीक नव्या करारात ईश्वराला आणि श्रद्धावंताला मिळणाऱ्या जीवनाला एकच विशेषण आहे, ‘आयोनिऑस’. मराठीने ते विभागले : देव ‘सनातन’, जीवन ‘सार्वकालिक’. ईश्वराची शाश्वतता आणि त्याने दिलेली शाश्वतता यांतील जे अंतर अक्वायनसला दीर्घ विवेचनाने सांगावे लागले, ते येथे दोन विशेषणांत आले. आणि त्यांपैकी पहिले विशेषण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदू धर्माच्या समर्थकांनी आपल्या धर्माच्या नावापुढे लावले.