प्रोसेस टेबलातली राखीव ओळ
युनिक्समध्ये प्रोसेसची मर्यादा सुरुवातीला कर्नलमधल्या एका टेबलाची लांबी होती. बेल लॅब्सच्या 1975 च्या सहाव्या आवृत्तीत त्या टेबलात 50 ओळी होत्या. 1979 च्या सातव्या आवृत्तीत त्या 150 झाल्या आणि एका वापरकर्त्याला 25 प्रोसेसचे बंधन आले. सर्वांत शहाणी तरतूद मात्र वेगळीच होती: टेबलातली शेवटची ओळ रूटसाठी राखीव असे. अडकलेली प्रोसेस संपवणारा ‘किल’ हाही एक प्रोग्रॅमच, म्हणजे त्यालाही एक ओळ लागे. बाकी टेबल भरून गेले, तरी रूटला तो चालवायला जागा उरे. नंतरच्या सिस्टिम व्ही युनिक्समध्ये टेबलाची लांबी आणि वापरकर्त्याची मर्यादा हे आकडे ‘एनप्रॉक’ आणि ‘मॅक्सअप’ झाले. ते बदलल्यावर कर्नल पुन्हा बांधून मशीन रीबूट करावे लागे. लिनक्सवर ‘युलिमिट’ ही आज्ञा वापरकर्त्याची मर्यादा रीबूटशिवाय बदलते.