नंदादेवी परिसर : संशोधन व संरक्षण

उत्तराखंड राज्याच्या चमोली जिल्ह्यातील नंदादेवी (उंची सु. ७,८१६ मी.) या शिखराभोवतीचा परिसर हिमालयाच्या अत्युच्च पट्ट्यातील निसर्गसंशोधन व संरक्षण यांच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. ६,००० मी. हून उंच असलेल्या अनेक शिखरांच्या कड्याने हे खोरे वेढलेले असून त्यातील पाणी पश्चिमेकडील ऋषिगंगेच्या अरुंद घळईतूनच बाहेर पडते. या दुर्गमतेमुळे तेथील भूर्जवने, जूनिपरची झुडपे आणि ‘बुग्याल’ नावाने ओळखली जाणारी उंचावरील कुरणे दीर्घकाळ जवळजवळ अस्पर्शित राहिली. कस्तुरी मृग, भरल व हिमबिबट्या हे तेथील प्रमुख वन्य प्राणी होत.

एरिक शिप्टन व हॅरल्ड विल्यम टिलमन यांनी तीन शेर्पांसह १९३४ मध्ये घळईतून अंतर्भागात प्रवेश मिळविला. १९३६ मध्ये टिलमन आणि भूवैज्ञानिक नोएल ओडेल यांनी शिखर सर केले. १९३९ मध्ये हे क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. १९६५ मध्ये एका भारत–अमेरिका संयुक्त मोहिमेने शिखरावर नेलेले प्लुटोनियमवर चालणारे टेहळणीचे उपकरण वाटेतच सोडावे लागले व पुढे ते सापडले नाही. १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत या घटनेस दुजोरा दिला.

१९७४ मध्ये परिसर गिर्यारोहकांना खुला होताच मोहिमांची गर्दी झाली. सरपणासाठी जूनिपरची तोड, कचऱ्याचे ढीग व कस्तुरी मृगाची चोरटी शिकार हे तिचे दुष्परिणाम होत. लवकुमार खाचर यांनी १९७७ मधील पाहणीचा वृत्तांत मुंबईच्या ‘बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९८२ मध्ये सु. ६३० चौ. किमी. क्षेत्राचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८३ पासून प्रवेश बंद करण्यात आला. १९८८ मध्ये उद्यानाचा समावेश जागतिक वारसा स्थळांत झाला व त्याच वर्षी सभोवतालच्या प्रदेशासह जीवावरण राखीव क्षेत्र स्थापन झाले. १९९३ मध्ये भारतीय सेनादल व शास्त्रज्ञ यांच्या संयुक्त मोहिमेने वनस्पती व प्राणी यांची पाहणी केली आणि जुना कचराही खाली आणला. तुडविलेल्या जागी वनस्पती पुन्हा वाढू लागल्याचे या पाहणीत आढळले. २००३ मध्ये अशीच दुसरी पाहणी झाली.

बंदीचा भार मात्र नीती खोऱ्यातील भोटिया समाजावर पडला. मेंढ्यांची उन्हाळी चराई, वनौषधींचे संकलन, हमाली व वाटाड्यांची कामे ही त्यांची उपजीविकेची साधने होती. याच खोऱ्यातील रेणी येथे १९७४ मध्ये गौरादेवी यांच्या पुढाकाराने स्त्रियांनी वृक्षतोड रोखून चिपको आंदोलनाला बळ दिले होते. ज्यांनी जंगल राखले त्यांनाच त्यातून वगळण्यात आले, ही ग्रामस्थांची भावना १९९८ मधील ‘झपटो छीनो’ आंदोलनातून प्रकट झाली. २००१ मध्ये लाता गावी ग्रामस्थांनी जैवविविधता व पर्यटन यांविषयीचा जाहीरनामा संमत केला. २००३ पासून गाभा क्षेत्राच्या मर्यादित भागात नियंत्रित पर्यटनास परवानगी मिळाली.

निर्मनुष्यता म्हणजेच संरक्षण, हे गृहीतक शास्त्रीय दृष्ट्याही निर्विवाद ठरलेले नाही. २००५ मध्ये याच वारसा स्थळाला जोडलेल्या ‘फुलांच्या दरी’त (सु. ८७·५ चौ. किमी.) चराई थांबल्यानंतर पॉलिगोनम पॉलिस्टॅकियम ही उंच, दाट वाढणारी वनस्पती पसरली. याचे कारण चराईबंदी की पूर्वीची अतिचराई, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

७ फेब्रुवारी २०२१ रोजी राँटी शिखराच्या उतारावरून सु. २·७ कोटी घ. मी. खडक व बर्फ कोसळून ऋषिगंगा व धौलीगंगा यांना प्रलयंकारी लोंढा आला. दोनशेहून अधिक लोक मृत वा बेपत्ता झाले, रेणीजवळील जलविद्युत् प्रकल्प उद्ध्वस्त झाला आणि तपोवन येथील प्रकल्पाची मोठी हानी झाली. उद्यानाची सीमा आखून उंचावरील कुरणे राखता येतात. पण शिखरांवर घडणाऱ्या घडामोडींचे परिणाम त्या सीमेत थांबत नाहीत. म्हणून हिमनद्या व कडे यांचे सातत्याने निरीक्षण, खालच्या खोऱ्यातील बांधकामांवर नियंत्रण आणि स्थानिकांचा निर्णयात सहभाग या तिन्ही गोष्टी येथील संरक्षणाचे अविभाज्य भाग ठरतात.