वार्धक्यातील आहार व व्यायाम

वार्धक्यातील आहार व व्यायाम हा जराविज्ञान आणि आहारशास्त्र यांच्या सीमेवरील विषय आहे. उतारवयात स्नायूंची ताकद, हाडांची घनता आणि तोल सांभाळण्याची क्षमता यांत होणारी घट कोणत्या अन्नाने व कोणत्या हालचालींनी मंदावते किंवा काही अंशी भरून निघते, याचा अभ्यास त्यात केला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ६० वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ९.९ टक्के होते. संपूर्ण भारतात ते ८.६ टक्के होते.

स्नायूंची झीज

वयोमानानुसार स्नायूंचे वस्तुमान व ताकद कमी होण्याला 'सार्कोपेनिया' म्हणतात. ही संज्ञा अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सुचवली. झीज तिशीनंतरच सुरू होते, मात्र साठीनंतर तिचा वेग वाढतो. खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठता न येणे, जिना चढताना कठडा धरावा लागणे, चाल मंदावणे ही तिची घरात दिसणारी लक्षणे होत. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार हाताच्या पकडीची ताकद पुरुषांत २८ किलोग्रॅमपेक्षा व स्त्रियांत १८ किलोग्रॅमपेक्षा कमी असल्यास ती क्षीण मानली जाते. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये राबवलेल्या 'लासी' या राष्ट्रीय पाहणीच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील लोकांच्या आरोग्याबरोबर पकडीची ताकद, चालण्याचा वेग आणि तोलही मोजण्यात आला.

ही झीज अटळ असली तरी उपायांना दाद देते. बोस्टनमध्ये मारिया फियातारोने व सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या वृद्धाश्रमवासीयांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. प्रयोगातील माणसे मोजकी होती. पण याच गटाने १९९४ मध्ये शंभर वृद्धांवर केलेल्या अभ्यासातूनही तसाच निष्कर्ष निघाला. व्यायामाशिवाय नुसता पूरक आहार दिल्याने अशक्तपणा कमी होत नाही, हेही त्यात दिसले.

आहार

म्हातारपणी भूक व चव मंदावते, दात जातात, तहान कमी लागते. 'आता काय खायचे राहिले' या समजुतीने रात्री चहा-बिस्कीट किंवा दूधभातावर भागवणारी माणसे घरोघरी आढळतात. अशा जेवणात ऊर्जा एक वेळ पुरेशी असते, प्रथिने मात्र अपुरी पडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वृद्धांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या व्यक्तीला ५० ते ६० ग्रॅम. ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीतून सुमारे साडेसहा ग्रॅम, तर एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. पातळ वरणाच्या एका वाटीवर हा हिशेब जुळत नाही.

तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि ते डाळीत भरपूर असते, त्यामुळे वरणभाताचा मेळ शास्त्रीयदृष्ट्याही योग्य आहे. नाचणीतून कॅल्शियम मिळते. ब-१२ जीवनसत्त्व मात्र नैसर्गिकरीत्या फक्त प्राणिज पदार्थांत असते. दूधही न घेणाऱ्या शाकाहारी वृद्धांत, तसेच दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत त्याची कमतरता उद्भवू शकते.

व्यायाम

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम, किमान दोन दिवस ताकदीचा आणि किमान तीन दिवस तोल व ताकद या दोहोंवर भर देणारा व्यायाम करावा. सकाळचा फेरफटका यातील पहिलीच अट पूर्ण करतो. उर्वरित दोन्ही बाबी सहसा राहून जातात. पडणे टाळण्यासाठी खरी गरज त्यांचीच असते. खुर्चीतून उठबस, टाचा उचलणे, भिंतीला हात टेकून रेटे मारणे यांना कोणतेही साधन लागत नाही.

महाराष्ट्रात याची परंपरा जुनी आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करून योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. पुण्यातील बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांनी खुर्ची, पट्टा, दोर, लाकडी ठोकळे यांच्या आधाराने आसने करण्याची पद्धत रूढ केली. वृद्धांच्या दृष्टीने यांपैकी हीच देणगी सर्वांत उपयोगाची ठरली, कारण गुडघे न वाकणाऱ्यालाही तीत जागा आहे.

भिवंडी परिसर

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात मुंबई–नाशिक महामार्गावरील मानकोली व आसपासची दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर ही गावे भातशेतीची होती. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर, पण शहराच्या जवळ असल्याने येथे गोदामे वाढली आणि खाचरे भराव घालून बुजवली गेली. लावणी, कापणी, भारे वाहणे या कामांत उकिडवे बसणे, वाकणे व ओझे उचलणे रोजचेच होते. म्हणजे ताकदीचा व तोलाचा व्यायाम वेगळा करावा लागत नसे. (त्याच कष्टांनी गुडघे आणि कंबर झिजत, हेही खरे.) जमीन गेल्यावर हे श्रमही गेले, ताटातली तांदळाची भाकरी व भात मात्र राहिला. या भागातील आगरी-कोळी घरांतील मासळी हा प्रथिनांचा उत्तम स्रोत आहे. सुकट व बोंबील यांतूनही भरपूर प्रथिने मिळतात, पण खारवलेल्या सुक्या मासळीत मीठ फार असते. प्रौढांसाठी मिठाची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम आहे; त्यामुळे उच्च रक्तदाब असलेल्यांनी ताजी मासळी निवडणे किंवा सुकी मासळी धुऊन, भिजवून वापरणे इष्ट असते.

खबरदारी

मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे लागते. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांत एकादशीसारख्या उपवासाच्या दिवशी रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. उलट साबुदाण्याची खिचडी बहुतांशी स्टार्च असल्याने शर्करा झपाट्याने वाढवते. छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा अचानक दम लागणे ही व्यायाम तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घेण्याची लक्षणे मानली जातात.