चार सेंटिमीटरची वाट

‘दुर्बिणीने ऑपरेशन’ म्हटलं की आपल्याला पोटावरची तीन-चार भोकं आठवतात. मी ज्या शस्त्रक्रियेबद्दल लिहितोय, तिच्यात पोटाला हातच लावत नाहीत. गुदाशयातली गाठ गुदद्वारातूनच काढतात. विषय चारचौघांत काढायचा नाही, मान्य. पण हा इतिहास वाचायला घेतला आणि मी त्यात अडकलो.

आधी अडचण समजून घेऊ. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण १५ सेंटिमीटरचा भाग. तो ओटीपोटाच्या हाडांमध्ये अगदी दाटीत बसलेला असतो. लघवी आणि लैंगिक क्रिया सांभाळणाऱ्या नसा शेजारीच. वरून जावं तर जागा नाही, खालून जावं तर दिसत नाही.

लंडनचे सर्जन अर्नेस्ट माइल्स सुरुवातीला खालूनच जात. त्यांच्या ५७ रुग्णांपैकी ५४ जणांचा कॅन्सर परत आला. शवविच्छेदनं करून त्यांनी कारण शोधलं: रोग लसिकावाहिन्यांमधून वर पोटात पसरत होता. म्हणून १९०८ साली त्यांनी पोटातून आणि खालून, दोन्हीकडून जाऊन गुदाशय पूर्ण काढण्याची पद्धत मांडली. रोग परत येणं कमी झालं. पण गुदद्वारही जायचं, आणि पोटावर शौचाची वाट कायमची यायची.

आता प्रश्न असा, की प्रत्येक गाठ कॅन्सर नसते. काही साधे, पण पुढे बिघडू शकणारे कोंब असतात. काही कॅन्सर अगदी वरच्या थरात असतात. गाठ खाली असेल तर सर्जन ती थेट काढू शकत. पण थोडी वर असली, की एवढ्याशा गाठीसाठी मोठं ऑपरेशन!

इथे जर्मन सर्जन गेरहार्ड ब्यूस येतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी रिचर्ड वोल्फ या उपकरण कंपनीबरोबर एक नळी तयार केली. जाडी फक्त ४ सेंटिमीटर. तिच्यातून कार्बन डायऑक्साइड सोडून गुदाशय फुगवायचा, म्हणजे आत काम करायला जागा होते. दोन्ही डोळ्यांनी बघायची दुर्बीण असल्यामुळे खोली कळते. मग लांब अवजारांनी गाठ कापायची आणि जखम आतच शिवायची. १९८३ साली हे रुग्णांवर सुरू झालं. दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया एरिश म्यूहे यांनी केली ती १९८५ साली, म्हणजे नंतर!

तरीही पित्ताशयाचं ऑपरेशन जगभर पसरलं आणि ब्यूस यांचं तंत्र मोजक्या केंद्रांत राहिलं. संच महाग, शिकायला कठीण, आणि त्यासाठी योग्य रुग्ण थोडे. इंजिनिअर म्हणून मला पुढचा टप्पा जास्त आवडतो. २०१० साली फ्लोरिडातल्या अटाला, अल्बर्ट आणि लाराक यांनी लिहिलं, की बेंबीतल्या एकाच छेदातून ऑपरेशन करण्यासाठी बनवलेलं मऊ तोंड गुदद्वारात बसवून नेहमीच्या कॅमेऱ्याने आणि अवजारांनी हेच काम होतं. ऑपरेशन थिएटरमध्ये आधीच असलेल्या सामानात काम भागलं, म्हणून ते पसरलं.

पण माइल्स यांचा धडा अजून लागू आहे. आतून फक्त गाठ निघते, बाहेरच्या लसिकाग्रंथी तिथेच राहतात. रोग खोल गेला असेल तर ही छोटी वाट पुरत नाही. मग सहसा इंग्लंडच्या बिल हील्ड यांनी १९८२ साली मांडल्याप्रमाणे गुदाशय भोवतालच्या चरबीच्या आवरणासकट काढावा लागतो. म्हणून आधी एमआरआय आणि आतून सोनोग्राफी करून खोली मोजतात. काढलेल्या तुकड्यात रोग जास्त दिसला, तर मोठं ऑपरेशन पुन्हा समोर येतं.

म्हणजे छोटी वाट कोणाला मिळणार, हे बरंचसं गाठ किती लवकर सापडली यावर ठरतं. आपल्याकडे शौचातून रक्त गेलं की ‘मूळव्याध असेल’ म्हणून मलम आणतात आणि घरातही कोणाला सांगत नाहीत. बहुतेकदा ती मूळव्याधच असते. पण ते डॉक्टरांनी तपासून सांगावं, आपण लाजेपोटी ठरवू नये. त्या लाजेत गेलेले महिने कुठलीही दुर्बीण भरून काढत नाही.