रौजा: एका कबरीपलीकडचे खुलताबाद

दिवाळीच्या सुट्टीत खुलताबादला जातोय म्हणालो, तेव्हा घाटकोपरच्या आमच्या चाळीतले शेजारचे काका जिन्यातच थांबले. "औरंगजेबाच्या गावाला? कशाला रे?" विचारणे रागाचे नव्हते, काळजीचे होते. मार्च 2025 मध्ये ती कबर उखडून टाका अशी मागणी पेटली, नागपुरात दंगल झाली, कबरीभोवती पत्रे उभे राहिले. तेव्हापासून त्या गावाचे नाव एका माणसापुरते उरले आहे.

गावातली जुनी माणसे मात्र अजून 'रौजा' म्हणतात. रौजा म्हणजे बाग, आणि मजारही. 'खुलताबाद' हे नाव औरंगजेबानंतरचे. त्याच्या आधी जवळपास चारशे वर्षे हे ठिकाण सुफींचे होते. 1327 च्या सुमारास मुहंमद तुघलकाने दिल्लीची माणसे दौलताबादला आणली, त्या काळात निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब इकडे आले. 1337 मध्ये ते वारले आणि घाटमाथ्यावर त्यांचा दर्गा झाला. त्याच्या समोरच त्यांचे शिष्य जैनुद्दीन शिराझी यांचा दर्गा आहे. तापीकाठचे बुऱ्हाणपूर गुरूच्या नावाने वसले आणि पलीकडच्या तीरावरचे जैनाबाद शिष्याच्या.

दोन्ही दर्ग्यांची मांडणी साधारण सारखी: उंच दरवाजा, फरसबंद चौक, पश्चिमेला मशीद, मध्ये घुमटाखाली मजार. बुऱ्हाणुद्दीनांच्या मजारीच्या दारांवर चांदीचे पत्रे आहेत, त्यावर वेलबुट्टी. हैदराबादचा पहिला निजाम आसफजाह याच चौकात पुरलेला आहे. शहाजहानच्या इमारती डोक्यात ठेवून आलात तर थोडे निराश व्हाल. चुन्याचा गिलावा, काळा दगड, दर पिढीने घातलेली भर. मला ते आवडले. हे एकट्या बादशहाने एका दमात बांधलेले नाही.

जैनुद्दीनांची एक हकिकत फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. बहमनी सुलतान मुहंमदशहाने त्यांच्याकडे निष्ठेची शपथ मागितली. दारू पिणाऱ्या सुलतानाला शपथ देणार नाही, असे त्यांनी कळवले. शहर सोडण्याचा हुकूम निघाला. ते उठले आणि गुरूच्या मजारीजवळ काठी रोवून बसले. शेवटी माघार सुलतानानेच घेतली, दारूची दुकाने बंद केली.

या माणसाच्या आवारात जागा मिळावी, ही औरंगजेबाची इच्छा. 1707 मध्ये तो अहमदनगरला वारला आणि त्याला इथे आणले. कबर उघड्यावर, वर छत नाही, मातीत सब्जाचे रोप. कफनाचा खर्च त्याने स्वतः शिवलेल्या टोप्यांच्या पैशातून झाला, असे सांगतात. संगमरवरी जाळी फार नंतरची, निजामाच्या काळातली. या साधेपणावरून त्याच्या कारभाराचा हिशेब चुकता होत नाही. तो वेगळा मांडावा लागतो आणि मराठ्यांना तो मांडायचा हक्क आहे. पण त्याने जिंकलेला गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाहही इथेच आहे. दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत वारला, आणि बादशहा व कैदी दोघांना एकाच गावाची माती मिळाली.

वस्तीबाहेर मलिक अंबर. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा पेशवा झाला. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद झाली. जहांगीरच्या फौजांना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले. 1626 मध्ये वारला. चौथऱ्यावरची चौकोनी दगडी इमारत, वर घुमट, भिंतींत कोनाडे. आम्ही तिथे तासभर बसलो. तेवढ्या वेळात एक शेळ्यांचा कळप आणि दोन पोरे आली. पोरांना वाटले आम्ही रस्ता चुकलोय, म्हणून त्यांनी औरंगजेबाच्या कबरीकडे बोट दाखवले.

परतताना दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळे घेतली. काकांना पिशवी दिली, तेव्हा त्यांनी विचारलेच, "पाहिलीस कबर?"

"बऱ्याच पाहिल्या. मलिक अंबरची पाहिली."

काका शाळेत इतिहास शिकवायचे. "भातवडीच्या लढाईतला? शहाजीराजे ज्याच्या बाजूने लढले तो?" त्यांनी सीताफळ फोडता फोडता हात थांबवला. "तो तिथे आहे होय?"