चिपच्या आराखड्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना

वसई : केडन्स, सिनॉप्सिस आणि सीमेन्स यांची सॉफ्टवेअर चिप उद्योगात प्रमाण मानली जातात. मात्र, त्यांचे परवाने व्यक्तिगत खरेदीच्या आवाक्याबाहेरचे आहेत. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत परवाना असला, तरी विद्यार्थ्याने विरार लोकल पकडली की तो मागेच राहतो. त्यामुळे वसई-विरारमधील घरी बसून डिजिटल चिपचा आराखडा करू पाहणाऱ्याने साधनांची निवड डोळसपणे करायला हवी.

पहिला विचार पडताळणीचा करावा. चिप सिलिकॉनवर उतरल्यावर चूक खोडता येत नाही. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियममध्ये भागाकाराच्या तक्त्यातील पाच नोंदी राहून गेल्याचे उघड झाले आणि कंपनीला ४७ कोटी ५० लाख डॉलरचा भार सोसावा लागला.

प्रारंभी आयकारस व्हेरिलॉग आणि जीटीकेवेव्ह ही मोफत जोडी पुरेशी ठरते. पहिले आराखडा संगणकावर चालवून पाहते, तर दुसरे त्यातील संकेतांचे आलेख दाखवते. व्हीएचडीएल भाषेसाठी जीएचडीएल आहे. आराखडा मोठा झाल्यावर व्हेरिलेटर घ्यावे. ते आराखड्याचे सी प्लस प्लसमध्ये रूपांतर करत असल्याने त्याचा वेग मोठा आहे. तथापि, ते प्रामुख्याने शून्य आणि एक याच मूल्यांवर चालते. ‘मूल्य अनिश्चित’ ही अवस्था त्यात नीट दिसत नाही आणि रीसेटमधील चुका निसटू शकतात. म्हणून त्याच चाचण्या आयकारसवरही चालवाव्यात.

पवईच्या आयआयटीतील प्रा. माधव देसाई आणि सहकाऱ्यांनी ‘अजित’ प्रोसेसरसाठी संस्थेतच विकसित झालेली ‘अहिर’ ही साधने वापरली. २०१९ मध्ये जाहीर झालेली ही चिप मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने तयार झाली.

प्रत्यक्ष मांडणीसाठी योसिस आणि ओपनरोड ही मुक्त साधने आहेत. स्कायवॉटरच्या १३० नॅनोमीटर तंत्राचा तपशीलही २०२० मध्ये खुला झाला. परंतु बहुतेक कारखाने असा तपशील गोपनीयतेच्या कराराविना देत नाहीत. शिवाय, नोकरीच्या मुलाखतीत यूव्हीएम पद्धतीची विचारणा होते आणि तिचा पूर्ण सराव व्यावसायिक साधनांवरच होतो. केंद्राच्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ योजनेत सहभागी संस्थांना सी-डॅकच्या बंगळुरू येथील चिपइन केंद्रामार्फत ही साधने उपलब्ध होतात. आपले महाविद्यालय त्यात आहे काय, याची विभागप्रमुखांकडे आधी चौकशी करावी.