अनवाणी गेलेली लेक

इतिहासाच्या ग्रंथांतून लढायांची वर्णने विस्ताराने येतात. परंतु लढाई सरल्यावर ज्या घराचे डोळे वाटेकडे लागून राहतात, त्या घराची नोंद क्वचितच होते. अमेरिकेतील स्लोकम कुटुंबाची हकीकत अशा एका घराची आहे.

जोनाथन स्लोकम १७७७ साली ऱ्होड आयलंड सोडून बायकामुलांसह पेनसिल्व्हेनियातील वायोमिंग खोऱ्यात, सस्केहाना नदीकाठी येऊन राहिला. क्वेकर पंथाच्या या मंडळींना शस्त्र वर्ज्य होते. तेथील मूळ निवाशांशी आपले वैर नाही, तेव्हा भयाचे कारण नाही, असे त्यांना वाटे. परंतु १७७८ च्या जुलैत त्या खोऱ्यात जी लढाई झाली, तीत थोरल्या मुलाने बंदूक हाती घेतली होती. २ नोव्हेंबर १७७८ रोजी डेलावेअर जमातीचे काही योद्धे घरावर चालून आले आणि जिन्याखाली दडलेल्या पाच वर्षांच्या फ्रान्सिसला त्यांनी उचलून नेले. त्याच डिसेंबरात जोनाथनही मारला गेला.

रूथ या मातेने पतीच्या निधनाचे दुःख कालांतराने सोसले. मुलीचे मात्र सोसवेना. हिवाळ्यासाठी म्हणून तिने मुलीचे नवे जोडे जपून ठेवले होते आणि पोर अनवाणीच गेली, ही खंत तिला अखेरपर्यंत जाळीत राहिली, असे सांगतात. मुलगे दूरदूरच्या वस्त्या धुंडाळीत, बक्षिसे जाहीर करीत. ‘मीच ती हरवलेली असेन’ असे म्हणत एक स्त्री दारी आली, तेव्हा रूथने तिला प्रेमाने ठेवून घेतले. पण ती आपली लेक नव्हे, हे तिला उमगले. १८०७ साली रूथने डोळे मिटले. शोध थांबवू नका, असे ती मुलांना सांगून गेली होती.

१८३५ साली इंडियाना प्रांतातील एका व्यापाऱ्याला मायामी जमातीतील एका वृद्धेने आपल्या जन्माचे गुपित सांगितले. त्याने लिहिलेले पत्र दोन वर्षे पडून राहिले आणि १८३७ साली वृत्तपत्रात छापले गेले. भावंडे धावली. लहानपणी भावाच्या हातोड्याने चेंगरलेले डाव्या हाताचे बोट पाहून खूण पटली. तिचे नाव आता माकोनाक्वा होते; मुली, जावई, नातवंडे यांनी घर भरलेले होते. स्वतःची अपत्ये गमावलेल्या एका डेलावेअर दांपत्याने तिला लेकीप्रमाणे वाढवले होते. भावंडांनी परत चलण्यासाठी विनवले. तिने शांतपणे नकार दिला. जेथे पती पुरला आहे, ती भूमी सोडावी तरी कशी?

पुढे मायामींना मिसिसिपीपलीकडे घालवून देण्याचे ठरले. तेव्हा तिने अमेरिकेच्या काँग्रेसकडे अर्ज केला. १८४५ च्या ठरावाने तिला आणि तिच्या वंशजांना तेथेच राहू देण्यात आले. १८४६ साली तिच्या असंख्य जातबांधवांना मात्र घरदार सोडावे लागले. जे जन्मघर तिने नाकारले, त्याच घराच्या नावाने तिचे दुसरे घर वाचवले! १८४७ साली तिने त्याच भूमीत देह ठेवला.

श्रोतेहो, रूथचा शोक खराच होता. परंतु ज्या भूमीवर तिचे घर उभे राहिले, तिच्यावरून हुसकावल्या गेलेल्या मातांचे अश्रूही तितकेच खरे होते. एका बाजूचेच रडणे ऐकणारा इतिहास अपुरा राहतो.